डायनमो ते बॅटरी

दादा, माणूस जातो, त्याला कुणाचाच इलाज नाही. पण बॉनेट उघडं टाकून कुणी जातं का?

सकाळी खाली पार्किंगमध्ये गाडीत डोकं घालून उभा होतास. मध्येच वर आलास, वहिनींना चहा टाकायला सांगितलंस आणि त्या चहा गाळेपर्यंत खुर्चीतल्या खुर्चीत संपलास. मी मलकपेठला पोचले तेव्हा तुला हॉलमध्ये निजवलं होतं आणि तुझी दहाही बोटं ग्रीसने काळी होती. आत्या म्हणत होती, डाळीचं पीठ लावून हात स्वच्छ करा, असे हात घेऊन कसं पाठवायचं त्याला. वहिनी म्हणाल्या, राहू द्या, हे असेच बरे दिसतात. सगळे रडत होते. मी तुझ्या बोटांकडे बघत होते आणि माझ्या डोक्यात एकच प्रश्न होता: याने वायर जोडली की नाही?

पुढचे काही दिवस तुझ्या वीज खात्यातले लोक येत राहिले. साहेबांनी कधी कुणाला त्रास दिला नाही, असं प्रत्येकजण सांगून जायचा. मी मान हलवायचे. अकरा हजार व्होल्टच्या तारांशी तू जन्मभर अदबीने वागलास हे मला मान्य आहे. त्रास दिलास तो बारा व्होल्टच्या गाडीला आणि मला.

गाडीची ती गोष्ट तू सगळ्यांना अर्धीच सांगायचास, म्हणून पूर्ण सांगते. तुमच्या त्या म्हाताऱ्या पांढऱ्या गाडीचा अल्टरनेटर, इंजिनावर फिरून बॅटरी भरणारा, जळला. तू त्याला शेवटपर्यंत डायनमोच म्हणालास, ते असो. नवा आणायचा सोडून तू भंगारातून एका मोठ्या गाडीचा आणलास आणि ठोकून ठाकून बसवलास. तो दुप्पट करंट द्यायला तयार, पण त्याच्यापासून बॅटरीपर्यंत जाणारी वायर जुनीच, शेवयांसारखी. गच्चीवर मोठी मोटर बसवायची आणि खाली तोच करंगळीएवढा पाइप ठेवायचा, तसला प्रकार. एसी लावला की हेडलाइट मान टाकायचे. वायपर अर्ध्या काचेवर थांबून विचार करायचे. त्या वायरला हात लावला तर चटका बसायचा, हे तू मला कौतुकाने दाखवलंस.

वायर जाड हवी, इथपर्यंत आपलं एकमत होतं. आपल्या दोघांच्या आयुष्यात एकमत होण्याचे प्रसंग किती थोडे, आणि हाही तू जेवणं होईपर्यंत टिकू दिला नाहीस. तुमच्या फ्लॅटची मेन लाइन बदलली तेव्हा उरलेली वायर तू माळ्यावर जपून ठेवली होतीस. शुद्ध तांबं आहे, असलं आता कोठीच्या बाजारात शोधून मिळायचं नाही, म्हणालास. मी म्हटलं, दादा, ती भिंतीत गाडून ठेवायची वायर आहे. तिच्यात सातच जाड तारा, त्या वळत नाहीत. इंजिन चोवीस तास थरथरतं, महिन्याभरात एकेक तार तुटेल. गाडीला बारीक तारांची मऊ केबल लागते. तू म्हणालास, इंजिन चोवीस तास चालत नाही. यालाच तू मुद्दा खोडून काढणं म्हणायचास.

मग मी फ्यूजचं काढलं. मी ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते, त्यामुळे जेवताना गप्प बसणं मला जमत नाही. मी सांगितलं की व्होल्ट कमी म्हणून करंट जास्त, आणि वायर तापते ती करंटने. बॅटरीपासून निघालेली जाड वायर कुठे पत्र्यावर घासून सोलली, तर बॅटरी आपल्या पोटातलं सगळं एका दमात त्या वायरीत ओतेल आणि ती लाल होईल. म्हणून बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज हवाच. आमटीचा डाव हातात धरून सांगितलं. समजेल अशा भाषेत सांगितलं.

“मास्तरीण,” तू म्हणालास, “बारा व्होल्ट म्हणजे काय गं? मुंगी चावली तर जास्त कळतं. उद्या टॉर्चला ट्रान्सफॉर्मर बसवायला सांगशील.”

हे तुझं माझ्याशी शेवटचं वाक्य. लोकांना काय काय मिळतं, आशीर्वाद मिळतात, सांभाळून राहा म्हणतात. मला टॉर्चचा ट्रान्सफॉर्मर मिळाला.

मग दहावा. तुम्हाला मूल नाही, म्हणून आपला चुलतभाऊ विधीला बसला. पिंड ठेवला, सगळे मागे सरकलो. कावळा समोरच्या भिंतीवर येऊन बसला आणि बसूनच राहिला. तुला माहीत आहे या वेळी काय होतं ते. जिवंत माणसाचं कधी कुणी ऐकलं नसेल, पण कावळ्याला जो तो वचनं देत सुटतो. चुलतभाऊ म्हणाला, वहिनींना काही कमी पडू देणार नाही. कावळ्याने पंख साफ केले. आत्या म्हणाली, तुझ्या बायकोशी भांडणार नाही. यावर तर त्याने पाठच फिरवली. तुला ते खरं वाटलं नसणार. ऊन चढत होतं, गुरुजी घड्याळ बघत होते, आणि वहिनी कोरड्या डोळ्यांनी त्या पिंडाकडे बघत उभ्या होत्या. तेव्हा मी, वर्गात अंधश्रद्धेवर भाषणं देणारी बाई, ओठातल्या ओठात म्हटलं, “दादा, गाडीची वायर मी पुरी करते.”

कावळा उडून खाली आला. पिंडापासून हातभर अंतरावर उभा राहिला.

मला तेवढ्यावर थांबता आलं असतं. पण मी म्हटलं, “आणि फ्यूज बसवते.” तो दोन उड्या मागे गेला. खरंच गेला, दादा. मी योगायोग म्हणत होते आणि घामाघूमही झाले होते. शेवटी म्हटलं, “बरं बाबा, फ्यूज नाही.” त्याने पुढे येऊन चोच मारली आणि सगळे हुश्श करून सावलीत गेले.

माझ्या शेजारी आत्या उभी होती. एरवी तिला दारावरची बेल ऐकू येत नाही. हे मात्र तिने शब्दन् शब्द ऐकलं.

घरी आल्यावर गाडीचा विषय निघालाच. चुलतभावाकडे गिऱ्हाईक तयार होतं. वहिनी म्हणाल्या, गाडी विकायची नाही, मी सोमवारपासून शाळेत जाणार आहे आणि गाडीनेच जाणार आहे. सिकंदराबादच्या शाळेत इतकी वर्षं लायब्ररी सांभाळतायत, पण त्या दिवशी सगळ्यांनी असं पाहिलं जणू त्या परदेशी निघाल्यात. आत्याने सव्वा महिना घराबाहेर न पडण्याचा नियम काढला. चुलतभावाने गाडीचं वय काढलं. वहिनींनी फक्त माझ्याकडे वळून विचारलं, “वन्सं, गाडी चालेल ना?”

आता मी काय सांगणार होते? खाली जाऊन बॉनेट उघडलं. वॉचमनने ते बिचाऱ्याने नीट लावून ठेवलं होतं. आणि आत पाहिलं तेव्हा, दादा, तू समोर असतास तर मी तुला त्याच वायरीने मारलं असतं. जुनी वायर काढून फेकलेली. तुझी ती माळ्यावरची वायर, चांगली ताठ, इंजिनावरून धनुष्यासारखी वाकवलेली. तिचं एक टोक बॅटरीच्या प्लसला घट्ट आवळलेलं आणि दुसरं टोक डायनमोजवळ मोकळं लोंबतंय, त्यावर काळी टेप गुंडाळलेली. म्हणजे जिवंत वायर. फ्यूज नसलेली. पत्र्यापासून दोन बोटांवर. वॉचमनने बॉनेट जरा जोरात आपटलं असतं, तर तुझ्या दहाव्याआधी गाडीचा दहावा झाला असता. मी दिवसभर मनातल्या मनात म्हणत राहिले, बघ, हेच सांगत होते, हेच. आपलं म्हणणं इतकं पुराव्यानिशी खरं ठरावं आणि ते दाखवायला समोर माणूस नसावा, याच्यासारखा वैताग नाही.

त्या संध्याकाळी मी वहिनींना सगळं सांगितलं. वायर बदलायला हवी, मऊ केबल आणते. फ्यूजचं मात्र जरा अडलंय. आत्या सोफ्यावर जपमाळ घेऊन बसली होती, ती तिथूनच म्हणाली, शब्द दिलाय पोरीने, मी ऐकलाय, फ्यूज बसवायचा नाही. मी विचारलं, आत्या, फ्यूज म्हणजे काय माहीत आहे का तुला? ती म्हणाली, मला माहीत असायची गरज नाही, त्याला नको होता ना.

मी हसणार होते, पण हसू येईना. कावळ्याला मी मानत नाही. पण तुला तर मानत होते. तू असताना तुझं ऐकलं नाही असं एकदाही झालं नाही, हे तुला माहीत नसेल, कारण मी नेहमी भांडून मगच ऐकायचे. आता एकदाच तुझं शेवटचं ऐकायचं, तर त्या गाडीत वहिनी बसणार. आणि वहिनींचं बघायचं, तर तुला दिलेला शब्द मोडायचा.

वहिनींनी शांतपणे विचारलं, फ्यूज नसला तर काय होईल? मी म्हटलं, बहुतेक काही होणार नाही. आणि झालंच तर? मी म्हटलं, आग.

“मग बसवा,” त्या म्हणाल्या. “गाडी मी चालवणार आहे, कावळा नाही.”

आत्याची जपमाळ थांबली. ह्या बाईने तुझ्यासमोर कधी चहात साखर कमी आहे म्हटलेलं मला आठवत नाही, दादा. तू तिला कधी ओळखलंस का, असा प्रश्न मला त्या क्षणी पडला. का ओळखून होतास आणि म्हणूनच सगळं बोलणं स्वतःच उरकून घ्यायचास?

केबलचं माप घ्यायला टेप सापडेना. तुझं कपाट मी उघडलं नाही, अजून उघडवत नाही. वहिनींनी परकराची नाडी दिली. डायनमोपासून, रेडिएटरच्या मागून, बॅटरीपर्यंत मी ती नाडी फिरवली, गाठ मारली आणि कोठीला गेले. दुकानदाराने नाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि निमूटपणे वेल्डिंगची तांबड्या रंगाची केबल कापून तिच्या टोकांना तांब्याची थिंबलं, म्हणजे नटाखाली बसणाऱ्या कड्या, दाबून दिली. पट्टीसारखा मोठा फ्यूज, त्याची प्लास्टिकची डबी, सगळं दिलं. मलकपेठेतली पांढरी गाडी म्हटल्यावर त्याला तू आठवलास. म्हणाला, “वो बिजली वाले साब? मेरे से आधा घंटा झगड के गए, अम्मा, लिए कुछ बी नै.” मी म्हटलं, हौ, तेच. साब गुजर गए, हे काही मला सांगता आलं नाही. भांडून गेले एवढंच त्याच्या लेखी राहू दे म्हटलं.

रविवारी सकाळी कामाला लागलो. आत्या प्लास्टिकची खुर्ची घेऊन खाली आली. फ्यूज बसतो की नाही याच्यावर डोळा ठेवायला, असं ती म्हणाली नाही पण आम्हाला कळलं. मी पाना उचलला. मला फळ्यावर कुठलंही सर्किट काढता येतं, पण नट कुठल्या बाजूला फिरवला म्हणजे सुटतो ते प्रत्येक वेळी आठवावं लागतं. बॅटरीची मायनस वायर आधी काढायची, एवढं मात्र मला पक्कं माहीत होतं. तू ती कधीच काढत नव्हतास.

वहिनी मदतीला पुढे झाल्या आणि वाकण्याआधी त्यांनी हातातल्या बांगड्या उतरवल्या. काचेच्या हिरव्या, आणि दोन सोन्याच्या.

या बांगड्यांवरून घरात काय चाललं होतं ते तुला कसं माहीत असणार? तू गेलास त्या दिवसापासून त्यांनी त्या काढल्या नव्हत्या. कुणी तोंडावर काही बोललं नाही, पण येणारी प्रत्येक बाई आधी हातांकडे बघायची, मग तोंडाकडे. आत्याही बघायची. आत्या स्वतः तिशीत विधवा झाली, तेव्हा तिच्या बांगड्या कुणी तिला विचारून उतरवल्या नव्हत्या. आता वहिनींनी त्या एकेक करून काढल्या आणि आत्याच्या ओंजळीत ठेवल्या. आत्याने डोळ्यांना पदर लावला. तिला वाटलं, झालं एकदाचं. मला काय वाटलं ते मला नीट सांगता येणार नाही. मी नटात डोकं घातलं.

तुझी वायर काढली. खूप घट्ट आवळली होतीस रे. नवी केबल बसवली, पत्र्याला लागेल तिथे रबरी नळी चढवली, बॅटरीपाशी फ्यूज. शब्द मोडला. आकाशातून काही पडलं नाही, फक्त आत्या खोकली. मायनस परत जोडली, वहिनींनी गाडी चालू केली, एसी लावला, हेडलाइट लावले. तुझा तो व्होल्ट मोजायचा पिवळा मीटर मी केबलच्या दोन्ही टोकांना टेकवला. प्लसच्या बाजूला व्होल्टची घट जवळजवळ नाही. मी जिंकल्यासारखं वर पाहिलं, आणि हेडलाइट तसेच मंद.

मी पुन्हा मोजलं, पुन्हा मंद. तुझ्यावर चिडले, दुकानदारावर चिडले, भंगारवाल्यावर चिडले. मग मीटरची एक सुई इंजिनाला आणि दुसरी बॅटरीच्या मायनसला लावून बघितली. पाऊण व्होल्ट तिथेच बसला होता. इंजिनाकडून बॅटरीच्या मायनसकडे येणारी अर्थिंगची पट्टी जुनीच, टोकाला हिरवी पडून कुजलेली. करंट गेला तसा परतही यावा लागतो, हे मी दरवर्षी नव्या पोरांना पहिल्याच आठवड्यात सांगते. तू तर उभ्या शहराला अर्थिंग दिलंस. आणि आपण दोघं महिनाभर जाणाऱ्या वायरीवरून एकमेकांचे जीव घेत होतो. येणारीकडे तू बघितलं नाहीस आणि मी बघितलं नाही, कारण भांडायला एकच वायर पुरली आपल्याला.

नाडी घेऊन परत कोठी. या वेळी दुकानदाराने न विचारता हात पुढे केला.

ती काळी केबल लागली आणि मग, दादा, खरोखर काम झालं. एसी चालू, पंखा चालू, वायपर चालू, आणि समोरच्या भिंतीवर हेडलाइटचा उजेड जराही हलेना. वहिनी बराच वेळ त्या भिंतीकडे बघत बसल्या. मग गाडी बंद करून उतरल्या, नळाखाली साबण लावून हात धुतले. बोटांच्या फटींतलं ग्रीस निघालं नाही. ओले हात झटकत त्या आत्यापुढे येऊन उभ्या राहिल्या.

मला वाटलं, आता काहीतरी होणार. वहिनींनी काही मागितलं नाही. आत्याने ओंजळ उघडून त्या बांगड्यांकडे पाहिलं, आणि मग वहिनींचा हात स्वतःकडे ओढून घेतला.

“घाल,” ती म्हणाली. “मला कुणी परत दिल्या नव्हत्या.”

आणि तिनेच एकेक करून चढवल्या. साबण होताच हाताला, सहज गेल्या.

सोमवारी सकाळी वहिनी साडी नेसून, पर्स घेऊन खाली आल्या. मी पुढचं दार उघडून शेजारी बसायला लागले. इतकी वर्षं तिथे तू बसायचास, शाळेपर्यंत त्यांना चालवू द्यायचास आणि दर वळणाला सूचना द्यायचास. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला.

“तुम्ही नका बसू, वन्सं,” त्या म्हणाल्या. “तुम्ही ह्यांच्यासारख्याच बोलत राहाल, आणि मला रस्ता दिसायचा नाही.”

मी दार लावून बाजूला झाले. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली, सावकाश गेटपर्यंत गेली, थांबली, आणि डावीकडे रस्त्यावर वळली.

इंडिकेटर दिला नाही, दादा. आता हे मी कुणाला सांगू?